दोराचं वरचं टोक

बेसा चौकातून आत वळलं की डाव्या हाताला काचेची एक जिम लागते. तिच्याखाली विहीर आहे. पोरं पैसे भरून जिथं लोखंड उचलतात, नेमक्या त्याच जागी मीराबाई वाहाणेनं एका उन्हाळ्यात रोजी घेऊन माती उचलली होती. पुढे मंगल कार्यालय आहे, त्याच्या भटारखान्याखाली दुसरी. शाळेच्या बसगाड्या उभ्या राहतात तिथं तिसरी, आणि ती सगळ्यांत खोल, अकरा पुरुष. माणसाची उंची म्हणजे एक पुरुष, असं त्या धंद्यातलं माप. जिमवाल्याला, कार्यालयवाल्याला किंवा शाळेला यातलं काही ठाऊक नाही. मीराबाईनंही सांगितलेलं नाही. उगाच कोणाच्या जिवाला घोर कशाला, असं तिचं म्हणणं.

मीराबाई आता बाहत्तर वर्षांची. तिचा नवरा धोंडबा विहिरी खोदायचा आणि ती काठावर दोर धरायची. सव्वीस वर्षांत दोघांनी मिळून एक्केचाळीस विहिरी काढल्या. बेसा तेव्हा गाव होतं, आजूबाजूला संत्र्यांचे बगीचे होते आणि ऊन तापायला लागलं की बगीचेवाले धोंडबाच्या दारी चकरा मारायचे. मग बोअरच्या मशीनगाड्या आल्या. धोंडबाला चार महिने पुरणारं काम मशीन सकाळी सुरू करून दुपारच्या जेवणाआधी उरकायला लागली. बगीचे गेले, प्लॉटचे ले-आउट पडले, विहिरी एकेक करून बुजल्या. चौदा वर्षांपूर्वी धोंडबाही गेला. पण तो विहिरीत गेला नाही, घरी खाटेवर गेला, साध्या तापानं, आणि याचं मीराबाईला फार समाधान आहे. "माहा माणूस म्या एक्केचाळीस विहिरीतून वर काढला," असं ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि सांगताना मान जराशी ताठ करते.

याच मीराबाईनं आपल्या एकुलत्या एका मुलाला, प्रेमानंदला, विहिरीच्या काठाशी फिरकू दिलं नव्हतं. त्याला कारण होतं. नरखेडकडच्या एका गावी तिचा धाकटा दीर बंद पडलेल्या विहिरीतून बादली काढायला उतरला होता. दोन मिनिटांचं काम होतं. खाली पाणी गुडघाभरच होतं, बुडून मरण्यासारखं काही नव्हतं. पण खालची हवाच मेलेली होती. चोवीस वर्षांच्या त्या गड्याला बाजेवर घालून आणलं तेव्हा त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. प्रेमानंद तेव्हा चार वर्षांचा होता. काकाला उठवायला म्हणून तो त्याचा अंगठा ओढत बसला होता. मीराबाईनं त्याच दिवशी धोंडबाला सांगितलं, "तू जाय विहिरीत. तुले मी ओढतो म्हणलं का ओढतो. पण माह्या पोराले नाही." धोंडबानं वाद घातला नाही. प्रेमानंद शाळेत गेला, आयटीआयला गेला, मोटारी भरायला शिकला आणि आज त्याचं बेसा चौकात मोटार वाइंडिंगचं बरं चाललेलं दुकान आहे.

तर त्या रविवारी सकाळी मीराबाई अंगणात मुगाच्या वड्या घालत होती. प्रेमानंदची मुलगी पायल, कॉलेजात जाणारी, हातात डबा घेऊन गाडीची चावी शोधत होती.

"आजी, पप्पाले डबा देऊन येतो मी. आज दुकानात नाही ते. त्या बाबारावच्या बगीच्यातल्या विहिरीवर गेले."

मीराबाईची बोटं पिठातच थांबली. बाबारावच्या बगीच्यातली विहीर म्हणजे एक्केचाळिसावी, तिची आणि धोंडबाची शेवटची. बुजायची राहिलेली तेवढी एकच.

"विहिरीवर का विहिरीत?"

पायलला जेवढं माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं. बाबारावांच्या जागेवर आता सौरव आणि भूमिका नावाच्या नवराबायकोचं घर होतं. दोघं कंपनीत नोकरीला, घरात लहान लेकरू. होळीपासून त्यांच्या बोअरला पाणी नव्हतं, रोज टँकर. घरामागची विहीर वीस वर्षं सिमेंटच्या झाकणाखाली बंद होती. ते झाकण काल फोडलं. विहिरीत जुनी मोटार अडकली होती. प्रेमानंद आत उतरून ती काढणार होता आणि बांधकाम कसं आहे ते पाहून सांगणार होता. बांधकाम चांगलं असलं तर गाळ काढून विहीर वापरायची, नाहीतर सोमवारी मुरमाचे ट्रक बोलावून बुजवायची.

"दोर कोणाच्या हाती हाय?" मीराबाईनं विचारलं.

पायलला तो प्रश्नच कळला नाही. मीराबाईनं पिठाचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि चपला घालून गाडीवर जाऊन बसली. "चाल लौकर," ती म्हणाली. बाहत्तर वर्षांची बाई एका बाजूला पाय टाकून गाडीवर अशी चटकन बसू शकते हे पायलला त्या दिवशी समजलं.

गाडी जिमपुढून गेली, मंगल कार्यालयापुढून गेली. एरवी इथून जाताना मीराबाई नातीला दरवेळी त्याच त्या गोष्टी सांगायची. इथं दगड लागला होता, तिथं धोंडबाला विंचू चावला होता, त्या तिकडे माळकऱ्याची बायको आम्हाला ताक द्यायची. आज ती गप्प होती. पण गप्प बसलं म्हणून आठवणी थोड्याच थांबतात? ते दिवस कष्टाचे होते, अर्धपोटी होते, आणि तरी तिला ते आजच्या दिवसांपेक्षा प्यारे होते हे खरंच आहे. दुपारी धोंडबा वर यायचा तेव्हा त्याच्या भुवयांपर्यंत मुरूम असायचा. संत्र्याच्या झाडाखाली दोघं भाकर सोडायची. गार मातीत दिवस काढलेल्या माणसाला ऊन लागतं म्हणून तो सावलीतही डोक्यावर तिचा पदर ओढून बसायचा आणि बगीच्यातले गडी त्याला हसायचे. हसोत बापडे. मीराबाईला तेव्हा बगीच्याची मालकीण असल्यासारखं वाटायचं.

आणि पहिल्या पाण्याचा दिवस! झिरा फुटला की धोंडबा गढूळ पाण्याचा पहिला लोटा भरून वर पाठवायचा, आणि तो मीराबाईनं प्यायचा. मालकाच्या आधी, मालकिणीच्या हळदीकुंकवाच्या आधी. हा धोंडबाचा नेम होता. त्याच्या आणि तिच्या आयांनी जुन्या गावात विहिरीपासून दहा हात लांब उभं राहून, वरून कोणी पाणी ओतेल याची वाट पाहत उभे जन्म काढले होते. हे दोघंही विसरले नव्हते. एका बगीचेवाल्याला ही रीत खटकली, त्यानं तोंड वाकडं केलं. धोंडबा खालूनच म्हणाला, "मंग उरलेली विहीर तूच खोदून घे, मालक." मालकानं मुकाट लोटा मीराबाईच्या हाती दिला. बाबाराव मात्र वेगळा माणूस. त्यानं आपण होऊन लोटा वर घेतला, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "पी वं बाई, तुहं आहे."

सौरवच्या घरामागे मोठं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत विहीर. मीराबाई फाटकातून आत शिरली तेव्हा प्रेमानंदच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याचा एक पाय काठाच्या आत होता. दोराचं दुसरं टोक दोन मजुरांच्या हाती, आणि मजुरांचा ठेकेदार भैय्याजी शेजारी उभा. काठावर नारळ फोडलेला, हळदकुंकू वाहिलेलं, उदबत्ती लावलेली. सगळं कसं साग्रसंगीत.

"थांब!" मीराबाई फाटकातूनच ओरडली.

"माय? तू काहून आली?" प्रेमानंद चपापला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, पण आईला न सांगता आल्यामुळे त्याचा चेहरा शाळा चुकवलेल्या पोरासारखा झाला.

"दिवा सोडला?"

"सोडला ना. तुमच्या जुन्या लोकायची रीत मले मालूम नाही का?" भैय्याजीनंच मध्ये तोंड घातलं. "आमचा आजा बी आधी दिवा सोडे. दिवा सोडल्याबिगर मी माणूस उतरूच देत नाही. पाहा, जळूनच राहिला."

मीराबाईनं काठाला हात टेकून आत वाकून पाहिलं. खाली खोल, पाण्याच्या जरा वर, दोरीला टांगलेला एक पांढरा उजेड होता. तिनं आयुष्यात हजारदा दिवा खाली सोडला असेल. तिला ज्योतीचा स्वभाव माहीत होता. दिवा खाली जाता जाता ज्योत डुलते, लांब होते, हवा जड असली की कोमेजते, आणि लहान लहान होत मालवते. हा उजेड जागचा हलत नव्हता.

"वर घे तो."

भैय्याजीनं दोरी ओढून दिवा वर घेतला आणि कौतुकानं तिच्या हातावर ठेवला. प्लास्टिकची पणती. आत बॅटरी, वर ज्योतीच्या आकाराचा इवलासा बल्ब. "सीताबर्डीहून आणला, दिवाळीत," तो म्हणाला. "लय मस्त आहे. वाऱ्यानं इझत नाही, पाण्यात पडला तरी इझत नाही."

"अरे बाप्पा," मीराबाईचा आवाज चिरकला, "इझाले पाहिजे म्हणून तर सोडतेत!"

कोणालाच काही उमगलं नाही. भैय्याजीच्या आजोबानं दिवा का सोडला, हे आजोबानं सांगितलं नव्हतं आणि नातवानं विचारलं नव्हतं. त्याच्या मते ती विहिरीची पूजा होती, आणि पूजेतला दिवा मधेच विझला तर अपशकुन. तेव्हा न विझणारा आणला, यात त्याचं काय चुकलं? मीराबाईनं भूमिकाकडून मेणबत्ती मागून घेतली, एका डब्यात उभी केली, पेटवली आणि डबा दोरीनं हळूहळू खाली सोडला. सगळे काठावर वाकले. एक पुरुष गेला. ज्योत नीट होती. दोन पुरुष. ज्योत बारीक झाली. तिसऱ्या पुरुषाला ती इतकी लहान झाली की दिसेना, आणि मग खरोखरच नव्हती. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. तिनं डबा वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी मेणबत्ती पुन्हा मालवली.

प्रेमानंदनं काठाच्या आतला पाय बाहेर घेतला आणि तो खालीच बसला. मीराबाई त्याच्यापाशी गेली आणि चारचौघांदेखत त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग तोच हात तिथंच पाठीवर ठेवून ती उभी राहिली. राग आला होता तो त्याचा नव्हता. या पोराला तिनं विहिरीपासून इतकं जपलं, इतकं लांब ठेवलं, की विहिरीत माणूस कशानं मरतो हेसुद्धा त्याला कोणी सांगितलं नाही. तिनंच सांगितलं नाही. आज ती पाच मिनिटं उशिरा आली असती तर तिच्या जपण्यानंच तो गेला असता. हे तिला आता, काठाशी उभं असताना कळलं.

"बुजवूनच टाकू आपण," भूमिका हळूच म्हणाली. तिनं लेकराला कडेवर घट्ट धरलं होतं. "नको ती विहीर."

सौरवनं मान हलवली. "हो. मी ट्रकवाल्याला फोन करतो. काका, सॉरी. आम्हाला खरंच काही माहीत नव्हतं."

प्रेमानंदनं मान वर करून विचारलं, "माय, ही हवा साफ होते का?"

आता खरं तर मीराबाईला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तिथं खरंखोटं करणारं दुसरं कोणी नव्हतं. एक शब्द, की पोरगं दोर सोडून घरी जेवायला आलं असतं आणि सोमवारी मुरूम पडला असता. तो शब्द तिच्या ओठांवर आलाही. पण धोंडबाच्या कामाबद्दल खोटं बोलायची तिच्या जिभेला सवय नव्हती. तिनं विहिरीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

"होते," ती म्हणाली. "पण मी सांगीन तसं करा लागते. आन् मी म्हणीन तवाच उतरा लागते. कबूल असन तर बोल."

"कबूल."

मग तिनं सगळ्यांना कामाला जुंपलं. कडुलिंबाची एक डेरेदार फांदी तोडायला लावली, ती दोराला बांधून विहिरीत वरखाली, वरखाली करायला लावली. टँकरचं पाणी बादल्या भरभरून वरून ओतायला लावलं, म्हणजे पाण्याबरोबर वरची हवा खाली जाते. भैय्याजी आपली चूक भरून काढायला स्वतः बादल्या उचलत होता. प्रेमानंदनं पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून त्याचा लांब पाइप आत सोडला. मीराबाईनं त्या यंत्राकडे संशयानं पाहिलं, मग म्हणाली, "चालू दे. पण फांदी थांबवू नका." मेणबत्ती चौथ्या पुरुषापर्यंत गेली, मग पाचव्या. दुपार कलायला आली तेव्हा डबा थेट पाण्याला टेकला आणि ज्योत जळत राहिली. मीराबाईनं ती चहा उकळून प्यावा इतका वेळ जळू दिली. असं तीनदा केलं. भूमिकानं खरोखरच चहा आणला, तो तिनं उभ्यानंच घेतला.

मग तिनं प्रेमानंदच्या कमरेची गाठ सोडली आणि काखेखालून दोर घेऊन आपल्या हातानं नवी गाठ मारली. बोटं वाकडी झाली होती, पण गाठ विसरली नव्हती. दोर मात्र तिच्यानं धरवला नसता. तिनं तो कडुलिंबाच्या बुंध्याला एक वेढा देऊन दोन्ही मजुरांच्या हाती दिला आणि त्यांना बजावलं, "मी हाका मारीन, तो ओ देईन. विहिरीत आवाज घुमते, तुमाले समजाचा नाही. तुमी फक्त माह्या हाताकडे पाहा. हात वर केला का ओढा. खालून 'ओढा' आलं का काहून, कायले, काही इचारत बसाचं नाही. एका शब्दावर ओढाचं."

प्रेमानंद उतरला. मीराबाई काठाला छाती लावून बसली. पायल तिच्या मागे उभी होती.

"प्रेम्या!"

"ओ!"

"प्रेम्या रे!"

"ओ, माय! ठीक आहे."

दोर सरकत होता. प्रेमानंदचं डोकं लहान लहान होत अंधारात गेलं. दर दोन श्वासांनी ती हाक मारत होती आणि दर हाकेला ओ येत होती. तिसरा पुरुष गेला, जिथं मेणबत्ती मालवली होती, तेव्हा तिनं श्वास न घेताच हाक मारली. ओ आली. चौथा गेला. पाचवा गेला.

"प्रेम्या!"

"हो, हो, आहे मी!"

मीराबाई एकदम ताठ झाली. हा प्रेमानंदचा आवाज नव्हता. खालच्या दगडांनी तो जाड केला होता, गार केला होता, त्यातली दुकानातली घाई काढून टाकली होती. हा धोंडबा होता. सव्वीस वर्षं तिनं हाच आवाज ऐकला होता, खालून, अंधारातून, अस्साच. त्याचा वरचा, खाटेवरचा, म्हातारपणचा आवाज तिला आठवत होता. पण हा आवाज आपण विसरलो होतो हे तिला आत्ता, तो कानावर पडल्यावर कळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"आजी, काय झालं?" पायलनं घाबरून विचारलं.

"काही नाही वं. चूप राय."

"बांधकाम एक नंबर आहे!" खालून आवाज आला. "एक दगड हालला नाही! पूर्वेकडचा झिरा चालू आहे! बुजवाची कायले?"

सौरवनं भूमिकाकडे पाहिलं, भूमिकानं विहिरीकडे पाहिलं आणि मान डोलावली. सौरव ट्रकवाल्याला फोन लावत बाजूला गेला. खाली लोखंडाचा आवाज होत राहिला. प्रेमानंद जुन्या मोटारीला दुसरा दोर बांधत होता. मीराबाई हाका मारत राहिली. आता दर श्वासाला एक.

"मोटार बांधली!" आवाज आला. "झालं! ओढा!"

मजुरांनी दोर आवळला आणि मीराबाईच्या हाताकडे पाहिलं. हात काठावरच होता. तो वर गेला नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात खालच्या माणसाला एका शब्दाहून जास्त खोळंबवलं नव्हतं, ती विहिरीत आणखी थोडी वाकली.

"काय म्हणलं गा?" तिनं विचारलं.

"ओढा म्हणलं!" धोंडबाच्या आवाजात तिचा पोरगा खालून म्हणाला.

मग तिनं हात वर केला.